विहिरीच्या डबरातले दगड ओळखताना

दादाच्या शेतात, सिन्नरच्या बाजूला, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात विहीर खोदली. पाणी बेताचंच लागलं. पण चाळीस फुटांच्या खाली सुरुंग लावल्यावर जो दगड वर आला, त्यात जागोजाग पोकळ्या होत्या आणि पोकळ्यांमध्ये पांढरे, फिक्या गुलाबी रंगाचे, चकाकणारे स्फटिक. वहिनींनी त्यातले चार देखणे दगड तुळशीवृंदावनाभोवती मांडले, बाकीचा डबर बांधाला गेला. मी एक गोणी भरून नाशिकला आणली आणि खनिजं ओळखण्याचं एक इंग्रजी फील्ड गाइड मागवलं, साडेनऊशे रुपयांचं. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या भूगोलापुरता, नोकरी पतसंस्थेत. आज त्या गोणीतल्या बहुतेक दगडांना नाव आणि लेबल आहे. तुमच्याकडेही असा ढीग पडून असेल आणि पुस्तक उघडल्यावर डोकं गरगरत असेल, तर हे तुमच्यासाठी.

गाइडमध्ये शेकडो खनिजं आणि प्रत्येकाचा सुंदर फोटो. पहिले काही आठवडे मी तेच केलं जे सगळे करतात: दगड हातात धरायचा आणि पानं उलटायची. पांढरा, काचेसारखा दगड पन्नासेक पानांवर जुळतो. शिवाय एकच खनिज पांढरं, गुलाबी, हिरवं, बिनरंगी असं कोणत्याही रूपात येतं. काही गाइडं रंगाप्रमाणे लावलेली असतात. दुकानात ती सोपी वाटतात, पण आपल्याकडच्या दगडांसाठी ती घेऊ नका. रासायनिक गटांप्रमाणे लावलेलं घ्या. आधी कंटाळवाणं वाटेल, पण झिओलाइट (अशा पोकळ्यांत सापडणाऱ्या, रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) सगळे एका जागी सापडतील.

गाडी रुळावर आली ती वेगळ्याच दिशेनं. दगड कुठून आला, हा प्रश्न आधी विचारायचा. आपला बहुतेक महाराष्ट्र बसाल्टवर बसलाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्यानं तिथं खनिजं साठवली. त्या पाण्यात जे विरघळलेलं असू शकतं तेच पोकळीत सापडणार. म्हणजे गार्नेट, टुर्मलिन, पाचू, अभ्रक ही सगळी पानं आपल्यासाठी बंद. मी गाइडला रंगीत चिठ्ठ्या लावल्या: झिओलाइटांपैकी स्टिलबाइट, ह्यूलॅन्डाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट, चाबाझाइट, लॉमॉन्टाइट, मॉर्डेनाइट, मग अपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि त्याचे कॅल्सेडनी, अगेट, जॅस्पर हे भाऊबंद, सेलाडोनाइट, आणि क्वचित लागणारे प्रेहनाइट, गायरोलाइट, ओकेनाइट. शेकडोंतून वीसेक उरली. भीती निम्मी तिथेच गेली.

जागा नीट कळावी म्हणून नकाशे काढले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भूकोश’ हे संकेतस्थळ आहे, त्यावर नोंदणी करून भूशास्त्रीय नकाशे पाहता येतात. नोंदणीचा ओटीपी पहिल्या दिवशी आलाच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर केल्यावर लगेच आला. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या पोर्टलवरून मोफत उतरवता येतात. नाशिक जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा पहिल्या नजरेला निराश करतो, कारण जिकडेतिकडे बसाल्टच. मग लक्षात येतं की थरांना वेगवेगळी नावं आहेत, आणि ती साल्हेर, रतनगड अशी आपल्याच किल्ल्यांची. लेबलवर मी हे नाव लिहीत नाही, कारण एका विहिरीवरून थर ठरवण्याइतकी माझी अक्कल नाही. गाव, गट क्रमांक आणि खोली मात्र लिहिते.

अवजारांवर फार खर्च करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनारांच्या सामानाच्या दुकानात, साडेतीनशे रुपये), चुंबक, तांब्याच्या तारेचा तुकडा, पोलादी चाकू, फुटक्या काचेचा कडा घासलेला तुकडा आणि एक फरशी. ही फरशी म्हणजे बाथरूमची चिनीमातीची टाइल. तिची मागची, चकाकी नसलेली बाजू हवी. हार्डवेअरवाल्यानं फुटकी टाइल फुकट दिली. भूगर्भशास्त्रज्ञांचा खास हातोडा महाग असतो, मी गवंड्याची छिन्नी आणि मध्यम हातोडी वापरली. डोळ्यांचा गॉगल मात्र पहिल्याच दिवशी घ्या. बसाल्टची कपरी सुटते ती थेट तोंडावर येते.

सगळी गाइडं रेघेच्या चाचणीवर, म्हणजे दगड फरशीवर घासून उमटणाऱ्या भुकटीच्या रंगावर, पुष्कळ लिहितात. आपल्या पोकळीतल्या खनिजांसाठी ही चाचणी जवळपास निरुपयोगी आहे, कारण झिओलाइट, कॅल्साइट, अपोफिलाइट सगळ्यांची रेघ पांढरीच. तिची गंमत मला कळली ती वेंगुर्ल्याच्या मावसबहिणीनं रेडीच्या बाजूचा लोहखनिजाचा काळपट तुकडा आणून दिला तेव्हा. दगड काळा, रेघ तांबडी: हेमटाइट. चुंबकाला तो चिकटला नाही, म्हणजे मॅग्नेटाइट नव्हे. कोकण-गोव्याकडच्यांनी फरशी जरूर जवळ ठेवावी. देशावरच्यांनी दुसऱ्या चाचण्यांकडे वळावं.

पहिली म्हणजे कठीणपणा. फ्रीडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली एक ते दहाची श्रेणी सगळीकडे आहे. नख अडीच, तांब्याची तार तीनच्या आसपास, काच आणि चाकू साडेपाच. मी रोजच्या वापरासाठी एकच प्रश्न ठेवला: दगड काचेवर ओरखडा पाडतो का? पाडला तर क्वार्ट्झचं घराणं (सात) किंवा क्वचित प्रेहनाइट (सहा ते साडेसहा), नाही पाडला तर बाकी सगळे. ओरखडा उठला असं वाटलं की बोट फिरवून बघा. पुष्कळदा ती दगडाचीच भुकटी असते आणि पुसली जाते. आणि चाचणी दगडाच्या मागच्या, मोडक्या बाजूवर करा, स्फटिकाच्या टोकावर नव्हे.

दुसरी, आम्ल. कॅल्साइट हे बहुरूपी खनिज आहे आणि ढिगात ते प्रत्येक वेशात सापडतं. चाकूच्या टोकानं थोडी भुकटी पाडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून पाहा, बारीक बुडबुडे येतात. भुकटी न करता अख्ख्या दगडावर टाकलंत तर फारसं काही दिसणार नाही आणि तुम्ही उगाच भलत्या निष्कर्षाला याल. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर फसफस झटकन दिसते, पण ते घरात ठेवायला मला नको वाटलं.

तिसरी माझी आवडती: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घनता. दगडाचं कोरडं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काट्यावर जो आकडा येतो त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. माझा एक तुकडा कोरडा १०६ ग्रॅम, पाण्यातला आकडा ४०, भागाकार २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्साइट २.७१, अपोफिलाइट २.३ ते २.४, स्टिलबाइट २.१ ते २.२. मागे बसाल्ट चिकटलेला असेल तर आकडा खोटा येतो. सुटा, एकाच खनिजाचा तुकडा हवा.

या तिन्हींनंतर भिंग घेऊन बसायचं. गुलाबी छटेचे, मोत्यासारखी झळाळी असलेले, मधे आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुललेले जुडगे म्हणजे स्टिलबाइट. हे सर्वांत आधी ओळखता येतं आणि पहिला आत्मविश्वास हेच देतं. ह्यूलॅन्डाइटची झळाळीही मोत्याची, पण स्फटिक सुटे, मधे रुंद आणि टोकांना निमुळते. अपोफिलाइट आणि क्वार्ट्झ दोन्ही काचेसारखे टोकदार दिसले तर बाजूच्या रेघा बघा: अपोफिलाइटवर उभ्या, क्वार्ट्झवर आडव्या. अपोफिलाइटचं टोक सपाट कापल्यासारखं असेल तर तो सपाट भाग मोत्यासारखा आणि बाजू काचेसारख्या दिसतात. हा फरक एकदा दिसला की विसरत नाही. घनासारखे दिसणारे छोटे पांढरे स्फटिक चाबाझाइट असण्याची शक्यता पुष्कळ. त्यांचे कोपरे नीट बघा, काटकोन नसतो, किंचित तिरके असतात. व्हिनेगरवर बुडबुडे आले तर मात्र ते कॅल्साइट. पोकळीच्या भिंतीवरचा हिरवा, मातकट लेप म्हणजे बहुधा सेलाडोनाइट.

लॉमॉन्टाइटनं स्वतःच ओळख पटवून दिली. विहिरीतून आला तेव्हा तो दगड घट्ट, पांढऱ्या कांड्यांचा होता. कपाटात ठेवल्यावर उन्हाळ्यात त्याच्या कांड्या हळूहळू भुरभुरीत झाल्या आणि बोट लावलं की पीठ पडायला लागलं. गाइडमध्ये लिहिलेलंच होतं: हवेत पाणी गमावून हे खनिज कोसळतं. असा तुकडा मिळाला तर फोटो लगेच काढून ठेवा.

दिवाळीनंतर मला विहिरीपलीकडचं काही बघायचं होतं. गावाशेजारच्या टेकडीवर पोकळ्यांचा खडक उघडा दिसतो, पण ते राखीव वन. तिथून दगड उचलणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, कारण खडक आणि खनिजंही ‘वनोपजा’त धरली आहेत. किल्ले, लेणी, लोणारसारखी संरक्षित ठिकाणं यांचाही प्रश्नच नाही. तिथं फक्त डोळे आणि कॅमेरा. उरली खाजगी दगडखाण.

पहिल्या खाणीच्या मालकानं फोनवरच सांगितलं, ‘मॅडम, तहसीलमधून लेखी आणा.’ डिसेंबरमधल्या एका सोमवारी रजा टाकून गेले. गौण खनिजाच्या टेबलावरचे भाऊसाहेब जेवायला गेलेले, ते साडेतीनला आले. त्यांनी अर्जाचा नमुना दिला, त्यात रकाना होता: उत्खनन करावयाचे परिमाण, ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मला पाहिजे होते पिशवीभर दगड. मी तसं सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर केला. ‘विकणार का?’ नाही. ‘घरकामाला?’ नाही. ‘मग करणार काय?’ अभ्यास, म्हटलं. आजूबाजूचे दोघं माझ्याकडे बघायला लागले, मला उठून जावंसं वाटलं. शेवटी त्यांनीच मार्ग सांगितला, आणि नीट सांगितला: पट्टा ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून साध्या कागदावर संमती घ्या, खाणीत शिरण्याची आणि टाकाऊ ढिगातून नमुने उचलण्याची. स्वतः खोदायचं नाही, विकायचं नाही. ते दोन्ही करायचं असेल तर पुन्हा या टेबलावर या.

दुसऱ्या खाणमालकानं त्या कागदावर सही केली, दोन अटींवर: हेल्मेट आणि बूट, आणि मुकादम सांगेल तिथेच उभं राहायचं. जानेवारीतला चौथा शनिवार ठरला. तो दिवस मी विसरणार नाही. मुकादमांनी मला कड्याजवळ जाऊच दिलं नाही, क्रशरच्या अलीकडच्या ढिगाशी नेलं. ‘ताई, गारा पाहिजेत ना? त्या काळ्या पाषाणात नाय मिळायच्या. मांजऱ्यात बघा.’ मांजऱ्या म्हणजे तो मऊ, ठिपक्याठिपक्यांचा, बुडबुड्यांनी भरलेला खडक. गाइडमधलं अमिग्डलॉइडल बसाल्ट. दोन थरांमधला तांबडा गेरूचा पट्टाही त्यांनी लांबून दाखवला आणि त्याच्या खालच्या अंगाला ‘फुगे’ जास्त असतात हेही सांगितलं. माझी सहा महिन्यांची पुस्तकी मेहनत त्यांच्या दहा मिनिटांपुढे फिकी होती, आणि त्यांना एकाही खनिजाचं पुस्तकी नाव माहीत नव्हतं. त्यांना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. पुढच्या खेपेला मजुरांसाठी भेळभत्ता आणि फरसाण नेलं, ते चाललं.

दगड उचलला की तिथल्या तिथे वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि पिशवीवर मार्करनं क्रमांक घालायचा. वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, ठिकाण, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि कोणत्या खडकात होता ते. नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं. नाव चुकलं तर पुढेमागे सुधारता येतं. ठिकाण विसरलं तर दगडाची किंमत गेली, माझ्या लेखी तरी. बोरघाटात १८५०-६०च्या दशकांत रेल्वेचे बोगदे आणि खोदकाम चाललं तेव्हा निघालेले स्टिलबाइट-अपोफिलाइटचे नमुने परदेशांतल्या संग्रहालयांत पोचले. ते आज मोलाचे आहेत ते लेबलवर ठिकाण आहे म्हणून. घरी आल्यावर दगडाच्या मागे व्हाइटनरचा छोटा ठिपका देऊन त्यावर बारीक काळ्या पेननं तोच क्रमांक लिहिते.

धुण्याबद्दल सावकाश जा. साधं पाणी आणि मऊ टूथब्रश बहुतेकांना पुरतो. सुयांच्या आणि केसाळ गोळ्यांच्या नमुन्यांना पाणी लावूच नका. ओकेनाइट एकदा भिजून चिकटलं की संपलं. दुकानातली टाइल साफ करायची आम्लं झिओलाइटांना खातात. क्वार्ट्झवरचे गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लानं जातात असं वाचलंय, पण ते विषारी आहे, मी त्या वाटेला गेले नाही.

राहिल्या सुया. एका पोकळीत केंद्रातून पसरलेल्या पांढऱ्या सुयांचा सुरेख झुबका होता, आणि गाइड स्पष्ट सांगतं की स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. पहिल्यात कॅल्शियम, शेवटच्यात सोडियम, मधल्यात दोन्ही. एकोणिसाव्या शतकात पुण्याकडच्या अशा सुयांना ‘पूनालाइट’ असं स्वतंत्र नाव मिळालं होतं, पुढे ते वेगळं खनिज नाही असं ठरलं. तज्ज्ञांची ही कथा, तर आपण गटाचं नाव लिहून थांबलो तरी चालतं. मला मात्र चैन पडेना. क्ष-किरण विवर्तनानं, म्हणजे एक्सआरडीनं, उत्तर मिळतं हे कळल्यावर एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारीत अर्ज केला. आठ दिवसांनी तो परत आला: व्यक्तिगत अर्ज घेत नाही, संस्थेमार्फत पाठवा. ओळखीच्या एका महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी आपल्या लेटरहेडवर पुढे पाठवला. त्याला लागलं ते असं: विभागप्रमुखांच्या नावे पत्र, नमुन्याची माहिती, शुल्क ऑनलाइन भरल्याची पावती (जीएसटीसह हजाराच्या आत) आणि खलबत्त्यात पिठासारखी बारीक केलेली ग्रॅमभर भुकटी. सुंदर झुबका कुटायचा नाही. त्याच पोकळीतल्या तुटक्या सुया वेचून घ्यायच्या. महिनाभर काहीच कळलं नाही, दोन ईमेलांना उत्तर नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक पानी आलेख आला. स्कोलेसाइट. मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दाखवला, त्यांनी विचारलं, ‘ईसीजी का?’

त्याच उन्हाळ्यात सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय पाहून आले. जाण्याआधी चाचण्यांची सवय झालेली असेल तर तिथं खरी मजा येते. काचेआडचे हिरवे अपोफिलाइट बघून आपले पांढरे तुकडे केविलवाणे वाटतात, पण टोकांची ठेवण तीच, उभ्या रेघा त्याच. वाघोलीच्या खाणींतल्या निळ्याभोर कॅव्हन्साइटसाठी सगळे थांबतात, मीही थांबले.

विकत घेण्याचा मोह झालाच तर एक सांगते. झगमगीत निळे किंवा गुलाबी केसाळ गोळे विकायला असतात, ते रंगवलेलं ओकेनाइट. मूळ ओकेनाइट पांढरंच. भडक जांभळ्या-गुलाबी अगेटच्या चकत्यांवर नेलपेंट रिमूव्हरचा कापूस फिरवू देतात का विचारा; नाही म्हणाले तर पैसे खिशात ठेवा.

माझा सगळा खर्च पुस्तक, भिंग, गॉगल, हेल्मेट, एक्सआरडी आणि एसटीचं भाडं धरून चार हजारांच्या आसपास गेला. हेल्मेट भावानं उधार दिलं असतं, पण ते त्याच्या मोटरसायकलचं, खाणीत चालत नाही. अजून एका ट्रेमध्ये नाव नसलेले काही दगड आहेत; त्यांच्या चिठ्ठ्यांवर फक्त ठिकाण आणि ‘काचेवर ओरखडा नाही, बुडबुडे नाहीत’ एवढंच लिहिलंय.

आता जायचं ठरवत असाल तर पावसाळ्यात खाणीच्या वाटेला जाऊ नका. खड्ड्यात पाणी भरतं आणि कडे सुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुकादमांना फोन करून सुरुंगाची वेळ विचारून घ्या, ती रोज एक नसते.